फूल विशाळगडचे, कूळ रुईचे

२०२३ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या विशाळगडाच्या खात्यावर एक नवी नोंद जमा झाली. ती इतिहासाची नव्हती, वनस्पतिशास्त्राची होती. गडावर आढळलेल्या एका नाजूक वेलीला संशोधकांनी ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ हे नाव दिले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षाचे औचित्य त्यामागे होते. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे अक्षय जंगम आणि डॉ. नीलेश पवार यांच्यासह डॉ. शरद कांबळे, ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव आदींचा या कामात सहभाग होता. ‘फायटोटॅक्सा’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या वेलीचे वर्णन प्रसिद्ध झाले.

बातमी वाचून अनेकांना अभिमान वाटला. काहींच्या मनात साधा प्रश्नही आला असेल. वेल तर तिथे आधीपासूनच होती. पावसाळ्यात उगवत होती, फुलत होती, पुन्हा जमिनीत जात होती. मग कागदावर तिला लॅटिन वळणाचे नाव मिळाल्याने नेमके काय झाले? या प्रश्नाचे उत्तर गडापुरते राहत नाही. ते आपल्या परसातल्या सदाफुलीपर्यंत, मारुतीला वाहिल्या जाणाऱ्या रुईच्या माळेपर्यंत आणि औषधाच्या दुकानापर्यंत जाते.

माशी कोंडणारा कंदील

सेरोपेजिया वंशातल्या वेलींना मराठीत खर्चुडी म्हणतात. फुलाच्या आकारामुळे ‘कंदीलपुष्प’ हे नावही रूढ झाले आहे. पाच पाकळ्या खाली एकत्र जुळून त्यांची नळी होते. नळीचा बूड फुगीर असतो. बहुतेक जातींत पाकळ्यांची टोके वर पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि मधल्या फटींमुळे जाळीदार कंदील तयार होतो.

हा कंदील म्हणजे एक सापळा आहे. वासाच्या ओढीने आलेली बारीक माशी फटीतून आत शिरते आणि नळीतून खाली घसरते. नळीत आतल्या बाजूला, खालच्या दिशेने वळलेले केस असतात. त्यामुळे उतरणे सोपे जाते, चढणे मात्र जमत नाही. माशी तळाशी अडकून धडपडत राहते आणि त्या धडपडीत परागांचे छोटे पुंज तिच्या तोंडाला चिकटतात. काही काळाने केस सुकतात आणि माशी सुटते. दुसऱ्या फुलात तीच चूक पुन्हा केली की परागीभवन होते.

या वंशाला नाव दिले ते स्वीडनच्या कार्ल लिनियसने, १७५३ मध्ये. ग्रीक भाषेत ‘केरोस’ म्हणजे मेण आणि ‘पेगे’ म्हणजे झरा. त्याने वर्णन केलेली ‘सेरोपेजिया कँडेलाब्रम’ ही जात भारतातलीच. ती त्याला ‘हॉर्टस मलबारिकस’ या केरळच्या वनस्पतींवरील सतराव्या शतकातल्या ग्रंथातून कळली. म्हणजे या वंशाचे पहिले शास्त्रीय नावही आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या वेलीवरून आले.

बारसे कसे होते?

वनस्पतीला नाव देणे म्हणजे मनात आले ते ठेवणे नव्हे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. आडनाव आधी आणि नाव नंतर, असे म्हणता येईल. एकाच वनस्पतीला दोघांनी वेगवेगळी नावे दिली, तर साधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. या मोजणीची सुरुवात लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून होते.

नव्या जातीची एखादी फांदी, फुलासह दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून हर्बेरियममध्ये म्हणजे वनस्पतिसंग्रहात जमा करावी लागते. नाव कायमचे बांधलेले असते ते याच एका नमुन्याशी. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्याने पुस्तकापाशी न थांबता हा नमुना उघडून पाहायचा. नवी जात जवळच्या जातींपेक्षा कशी वेगळी आहे, हे छापून सांगावे लागते. हे वर्णन बरीच वर्षे लॅटिनमध्येच लिहावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

नावाचा शेवटही काही सांगतो. जातीचे नाव पुरुषाच्या स्मरणार्थ असेल तर बहुधा शेवटी ‘आय’ येतो, गावावरून असेल तर ‘एन्सिस’, आणि विशेषण म्हणून सन्मान करायचा असेल तर ‘आना’. ‘शिवरायियाना’ हे असे विशेषण आहे.

सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांची नावे एकापाठोपाठ वाचली की एक वेगळाच इतिहास दिसतो. ‘लावाय’ हे नाव इंग्रजी अमलातल्या लॉ या अधिकाऱ्याचे. ‘मॅकॅनाय’ हे चार्ल्स मॅकॅन या निसर्ग अभ्यासकाचे. ‘हुबेराय’ हे १९५७ मध्ये या वंशाचा मोठा आढावा घेणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाचे. त्यानंतर भारतीय नावे येऊ लागतात. ‘महाबळेय’ पुण्याच्या प्रा. महाबळे यांच्या नावाने, ‘जैनाय’ डॉ. एस. के. जैन यांच्या नावाने. शिवाय ‘सह्याद्रिका’, ‘पांचगणीएन्सिस’, नाशिकच्या अंजनेरीवरून ‘अंजनेरिका’, कोकणावरून ‘कोंकणेन्सिस’ अशी डोंगर आणि प्रदेशांची नावे दिसतात. विशाळगडची वेल या रांगेत सर्वांत अलीकडची.

कोल्हापूरच्या मातीत हे काम अचानक उगवलेले नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात कंदीलपुष्पांचा अभ्यास आणि संवर्धन अनेक वर्षे सुरू आहे. डॉ. यादव आणि डॉ. मिलिंद सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. जिल्ह्यात काय उगवते याची अशी वही आधीच भरलेली असेल, तरच एखादी वेल त्या वहीत नाही हे कळते.

तुटलेले आणि पुन्हा जुळलेले कूळ

वंशाच्या वर कूळ असते. कंदीलपुष्पाचे कूळ ठरवतानाही बरीच उलथापालथ झाली आहे. अनेक जुन्या पुस्तकांत रुई आणि कंदीलपुष्प ‘ॲस्क्लेपिएडेसी’ या कुळात दिसतात, तर कण्हेर, तगर, करवंद ‘अपोसायनेसी’ या दुसऱ्या कुळात. ही फाळणी केली रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने, १८१० मध्ये. त्याचे कारण ठोस होते. रुईच्या फुलात पराग सुटे भुकटीसारखे नसतात. ते पुंजात बांधलेले असतात आणि दोन पुंजांची जोडी एका बारीक चिमट्याने जुळलेली असते. कण्हेरीत असे काही नाही. एवढा मोठा फरक म्हणजे कुळे वेगळी, हा तर्क जवळपास दोन शतके चालला.

पुढे डीएनएच्या आधारे वंशवृक्ष मांडता येऊ लागला, तेव्हा चित्र बदलले. रुईचा गट कण्हेरीच्या गटाशेजारी उभा नव्हता, तो त्याच्या आतूनच फुटलेला होता. एका घरातल्या धाकट्या भावाने वेगळा व्यवसाय काढला म्हणून त्याचे घराणे वेगळे होत नाही, तसेच हे. २००० च्या सुमारास दोन्ही कुळे पुन्हा एक झाली. आज या एकत्रित अपोसायनेसी कुळात सुमारे ५ हजार जाती मोजल्या जातात.

या कुळाची आपल्याकडची माणसे ओळखीची आहेत. रुई, कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, तगर, चाफा, सातवीण, करवंद, सदाफुली, सर्पगंधा, अनंतमूळ आणि माकडशिंग. यातल्या बऱ्याच झाडांचे पान किंवा फांदी मोडली की पांढरा चीक येतो.

कूळ कळले की काय कळते?

कुळाचा पत्ता आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. जवळचे नातेवाईक असलेल्या वनस्पतींच्या अंगात बऱ्याचदा सारख्या प्रकारची रसायने असतात. अपोसायनेसी हे कूळ तर औषध आणि विष या दोन्हींचे आगर आहे.

सर्पगंधेच्या मुळाचा उपयोग भारतात पूर्वापार होत आला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या परिणामाचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. काही वर्षांतच त्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

सदाफुलीची कथा नावाच्या दृष्टीनेही वाचण्यासारखी आहे. लिनियसने तिला ‘व्हिन्का रोझिया’ म्हटले होते. नंतर अभ्यासकांना ती युरोपातल्या व्हिन्कापेक्षा वेगळी वाटली आणि ती ‘कॅथॅरँथस रोझियस’ झाली. पण १९५० च्या दशकात तिच्यातून कर्करोगावरची औषधे मिळाली, तेव्हा त्यांना व्हिन्काच्या जुन्या नावावरून ‘व्हिन्ब्लास्टिन’ आणि ‘व्हिन्क्रिस्टिन’ अशी नावे पडली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही वापरले जाते. झाडाचे नाव बदलले, औषधाच्या बाटलीवर मात्र जुनेच राहिले. ज्याला दोन्ही नावे माहीत नाहीत, त्याला ही औषधे आपल्या अंगणातल्या फुलाची आहेत हे कळणार नाही.

या शोधाची सुरुवात मधुमेहावरच्या लोकसमजुतीतून झाली होती. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी सदाफुलीचा अर्क उंदरांवर तपासला. रक्तातली साखर कमी झाली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. म्हणूनच तो अर्क कर्करोगाकडे वळवला गेला. ‘साखर उतरते’ म्हणून सदाफुलीची पाने चावणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जी द्रव्ये रुग्णालयात मोजून, देखरेखीखाली दिली जातात, ती घरी अंदाजाने पोटात घेण्याची नाहीत.

कण्हेर आणि बिट्टी यांच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. बिट्टीची बी मुलांच्या खेळण्यात येते, तिथे लक्ष हवे. रुईच्या चिकातही याच धाटणीची द्रव्ये आहेत. हा चीक डोळ्यात गेला तर पारदर्शक पटलाला इजा होऊ शकते. मारुतीसाठी माळ ओवून झाली की हात साबणाने धुवावेत. चीक डोळ्यात उडालाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

दिसण्याला भुलू नये

दुधाशी नाव जोडले गेलेले आणखी एक कूळ याच डोंगरांवर आहे. दिसण्यावरून आणि नावावरून किती फसायला होते, हे त्याच्याकडे पाहून समजते. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात गवताच्या उंचीची, बारीक फुलांची पॉलिगाला वंशातली झुडपे उगवतात. ग्रीक भाषेत ‘पॉलिगाला’ म्हणजे भरपूर दूध. ही वनस्पती खाल्ली की दूध वाढते, अशी प्राचीन युरोपात समजूत होती. प्रत्यक्षात पॉलिगालाची फांदी मोडली तर रुईसारखा चीक येत नाही. नावात दूध आहे, अंगात नाही.

फूलही फसवे. पाहणाऱ्याला ते वाटाण्याच्या किंवा तागाच्या फुलाचे छोटे रूप वाटते. पण वाटाण्याच्या फुलाचे दोन पंख पाकळ्यांचे असतात. पॉलिगालाचे पंख पाकळ्यांचे नसून त्यांच्या बाहेरच्या, एरवी हिरव्या असणाऱ्या दलांचे असतात. वाटाण्यात पाकळ्या पाच, पॉलिगालात साधारण तीन. वाटाण्यात पुंकेसर दहा, इथे बहुधा आठ. म्हणून बेंथम आणि हूकर यांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या वर्गीकरणात पॉलिगालाचे कूळ शेंगांच्या कुळापासून दूर ठेवले गेले. भारतातल्या अनेक हर्बेरियममध्ये कपाटे आजही याच क्रमाने लावलेली असतात.

डीएनएने इथेही धक्का दिला. ही दोन कुळे खरोखरच एकमेकांच्या जवळची निघाली आणि आता एकाच गणात बसतात. गंमत अशी, की फुलांचे साम्य हा तरीही पुरावा ठरत नाही. दोन्ही कुळांनी तसा आकार वेगवेगळ्या भागांतून, स्वतंत्रपणे घडवला. निष्कर्ष बरोबर निघाला, पण त्यासाठी दिलेले कारण चुकीचे होते. अंदाजाने ओळखणे आणि तपासून ओळखणे यात फरक आहे तो हाच.

जोडायचे की तोडायचे?

वर्गीकरणातले वाद संपलेले नाहीत. २०१७ मध्ये ब्रुइन्स, क्लाक आणि हानाचेक या अभ्यासकांनी एक मोठा प्रस्ताव मांडला. डीएनए पाहता माकडशिंगाचा मांसल, पर्णहीन गट कंदीलपुष्पांच्या आतूनच फुटलेला दिसतो. तेव्हा ते सगळे वंश सेरोपेजियात विलीन करावेत, असे त्यांनी सुचवले. असे केले तर जो वंश साधारण २०० जातींचा मानला जाई, तो ७०० च्या पुढे जातो. इतर तज्ज्ञांनी हे मान्य केले नाही. एवढ्या वेगळ्या दिसणाऱ्या वनस्पती एका नावाखाली कोंबल्या तर ते नाव कामाचे राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पॉलिगालाच्या बाबतीत उलटे घडते आहे. तिथे मोठा वंश फोडून लहान वंश केले जात आहेत. खोकल्यावरचे सेनेगा हे औषध ज्या अमेरिकी वनस्पतीच्या मुळापासून मिळते, ती पॉलिगाला म्हणून प्रसिद्ध होती. अलीकडे ती सेनेगा या वेगळ्या वंशात ठेवली जाते.

या ओढाताणीत महाराष्ट्राच्या एका लाडक्या फुलाची नावे किती वेळा बदलली, ते पाहण्यासारखे आहे. १८६५ मध्ये डालझेल यांनी ‘फ्रेरिया इंडिका’ प्रसिद्ध केली. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव त्यांनी वंशाला दिले. शिवनेरीच्या परिसराशी नाते असल्याने मराठीत तिला ‘शिवसुमन’ म्हणतात. पुढे ती माकडशिंगाच्या वंशात, कॅरॅलुमात, नेली गेली. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या जातीने घेतलेले होते. म्हणून तिचे ‘कॅरॅलुमा फ्रेरेई’ झाले आणि नंतर ‘बुसेरोसिया फ्रेरेई’. गव्हर्नरसाहेब पहिल्या शब्दातून दुसऱ्या शब्दात सरकले. कड्यावरचे शिवसुमन मात्र जिथे होते तिथेच आहे.

हा शास्त्रज्ञांचा आपसातला खेळ वाटेल, पण त्याचे परिणाम बाहेर उमटतात. वजन कमी करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही पूरक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘कॅरॅलुमा’ असते. तीच वनस्पती एखाद्या नव्या शोधनिबंधात सेरोपेजिया म्हणून आली, तर दुष्परिणामांची माहिती शोधणाऱ्याच्या हाती अर्धीच माहिती लागेल. ‘सारिवा’ या आयुर्वेदातल्या नावाने अनंतमूळ विकले जाते, तसेच या कुळातल्या दुसऱ्या वेलींची मुळेही. मराठी किंवा संस्कृत नाव आपलेपणाचे असते, पण एका नावाखाली दोन वनस्पती चालून जातात. शास्त्रीय नाव बदलले तरी जुन्या नावावरून नव्यापर्यंत पोचता येते, कारण दोन्ही त्याच वाळवलेल्या नमुन्याशी बांधलेली असतात.

नाव नसेल तर मोजणीत नाही

संवर्धनाच्या बाबतीत नावाचे मोल आणखी वाढते. भारतातल्या कंदीलपुष्पांपैकी बऱ्याच जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काही एखाद्या गडापुरत्या किंवा एकाच डोंगररांगेपुरत्या. वर्षातला बराच काळ ही वेल जमिनीखाली कंदाच्या रूपात असते. पावसात वर येते, थोडे आठवडे फुलते आणि पुन्हा नाहीशी होते. फूल नसताना ती गवतातली कुठलीही वेल वाटते. अनेक जातींचे कंद खाण्याजोगे असल्याने रानडुकरे आणि साळिंदरे ते उकरतात, माणसेही काढतात. कंद गेला की वेल गेली.

धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत जायचे तर आधी नाव लागते. रस्ता, खाण किंवा बांधकाम यांच्या परवानगीपूर्वी तिथे कोणत्या वनस्पती आहेत हे तपासले जाते, तेव्हा निनावी वेल कुठल्याच रकान्यात बसत नाही. विशाळगडच्या वेलीला २०२३ मध्ये मिळाला तो असा रकाना. महाराजांचे नाव हा सन्मान झाला. पण त्या नावामुळे ती वेल हरवली तर कोणीतरी विचारेल, ही त्याहून मोठी गोष्ट.

श्रावण-भाद्रपदात गडांवर आणि पठारांवर जाणाऱ्यांनी म्हणूनच थोडे भान ठेवावे. कंदीलपुष्प दिसले तर छायाचित्र घ्यावे, वेल उपटू नये, कंद घरी आणू नये. दुर्मीळ फुलाचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. ते जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना कळवावे. छायाचित्रात फुलासोबत पान, देठ आणि शेंगही आली तर ओळख पटवणे सोपे जाते. आणि घरगुती औषध म्हणून कुणी एखादे पान, मूळ किंवा चीक सुचवला, तर पोटात घेण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. याचे नेमके नाव काय, आणि हे कोणत्या कुळातले? उत्तर देता आले नाही तर ते औषध बाजूला ठेवलेलेच बरे.